बुडालेली माणसं

अबू हलीफा, कुवेत
१२ सप्टेंबर १९५७

रुकय्याआपा,

आधीची पत्रं तू न उघडता परत पाठवलीस, म्हणून हे आपल्या चुलतभावाच्या, महबूबभाईंच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे. त्यांनी वाचून दाखवलं तर ऐक. नाहीतर राहू दे. मी लिहीत राहीन. इथे आपल्या बोलीत बोलायला फहाहीलच्या बदरुद्दीनमामूंच्या घराशिवाय दुसरी जागा नाही, आणि तिथे जाणं फक्त जुम्म्याला होतं.

निघताना तू मला म्हणालीस, "तुझा नवरा माझ्या अशरफला घेऊन बुडाला. वर तू त्याचीच वाट बघत बसणार असशील तर माझ्या दारात येऊ नकोस." मी उलटून बोलले नाही. अशरफला गलबतावर न्यायचा हट्ट यूनुसचाच होता. आपल्या पोटच्या पोराला गमावल्यावर आईने काय बोलावं ते मी कोण ठरवणार? पण काझीसाहेबांकडून मोकळी होऊन त्या बाणकोटच्या बिजवराशी निकाह लावायचा, हे माझ्याने होईना. चार वर्षांपूर्वी कौलं भरून कुवेतला निघालेल्या त्या गलबताच्या फळ्या सापडल्या, यूनुस नाही सापडले. ज्याला कोणी मातीत ठेवलं नाही त्याला मेलेला कसं म्हणायचं?

असो. मला काम लागलं आहे. रत्नागिरीच्या इस्पितळात शिकले ते उपयोगी पडलं. इथल्या एका अमेरिकन इंजिनिअरच्या सासऱ्याची देखभाल करायची. तेल कंपनीचे बाकीचे साहेब अहमदीला झाडाझुडपांतल्या बंगल्यांत राहतात. या म्हाताऱ्याला मात्र समुद्र हवा होता, म्हणून लेकीने इथे वाळूवरचं घर भाड्याने घेतलं. भरतीला पाणी कुंपणापर्यंत येतं.

त्यांचं नाव वॉरन टिलफर्ड. वय पंचाहत्तर. हृदय थकलेलं, आणि डोळ्यांना उजेड-अंधार न् माणसाची सावली एवढंच कळतं. लेक मार्था म्हणाली, "माझे वडील कवी आहेत. आमच्याकडे शाळेत मुलं त्यांच्या कविता पाठ करतात." मला वाटलं, लेक आहे, कौतुक करणारच. पण परवा बैरूतहून एक प्रोफेसर फक्त त्यांना बघायला आले. केस पांढरे झालेला माणूस, पण साहेबांपुढे शाळकरी पोरासारखा उभा राहिला. जाताना दारात मला म्हणाला, "बाई, तुम्ही कोणाचे पाय चेपता ते तुम्हाला माहीत नाही."

मी म्हटलं, "म्हाताऱ्या माणसाचे."

तुझी,
ताहिरा


अबू हलीफा
२० नोव्हेंबर १९५७

आपा,

पत्र परत आलं नाही. एवढंही पुष्कळ झालं.

न्यूयॉर्कच्या प्रकाशकाला साहेबांचं आत्मचरित्र हवं आहे. डोळे नाहीत तर लिहिणार कसं, म्हणून त्यांनी एक मशीन पाठवलं. दोन चाकांवर फीत फिरते आणि बोललेलं तिच्यात राहतं. सकाळी साहेब बोलतात, मी बटण दाबते, दुपारी मार्था ऐकून टाइप करते. त्यामुळे मलाही सगळं ऐकायला मिळतं. कळलं नाही तर साहेब थांबून सोप्या इंग्रजीत सांगतात.

आपल्यासारख्याच मच्छीमार गावात जन्म. वडील शिडं शिवायचे. हा बाराव्या वर्षी छापखान्यात लागला, खिळे जुळवता जुळवता वाचायला लागला आणि वाचता वाचता लिहायला. पहिलं पुस्तक पदरचे पैसे घालून छापलं. कोणी घेतलं नाही. त्याची पानं गावच्या बाजारात माशांच्या पुड्या बांधायला गेली. हे सांगताना साहेब खळखळून हसले. "ताहिरा, माझी पहिली वाचक बांगडे विकत घेणारी एक बाई होती." मग वर्तमानपत्रात नोकरी, बोटींवरून फिरणं, समुद्रावरच्या गोष्टी. मग अ‍ॅडेला नावाच्या मास्तरणीशी लग्न. मग मार्था.

मार्था दोन वर्षांची असताना एका सकाळी अ‍ॅडेला छोटी होडी घेऊन एकटीच पाण्यात गेली. होडी उलटी सापडली. ती सापडलीच नाही.

त्या हिवाळ्यात साहेबांनी जे पुस्तक लिहिलं, त्यानेच ते टिलफर्ड झाले. सगळ्या कविता तिला उद्देशून. एकीत म्हणतात, पाण्याखाली तू दार उघडं ठेवलंस आणि आता माझ्या घरातला कुठलाच दरवाजा लागत नाही. लोक त्यांच्या सभांना यायचे आणि रडायचे. नंतर कादंबऱ्या झाल्या, विद्यापीठांनी मान दिला, बक्षिसं मिळाली. पण लोकांना हवी असायची ती बुडालेली अ‍ॅडेला. दुसरं लग्न केलं नाही. गेली वीस वर्षं एक ओळ लिहिलेली नाही.

दिवस मावळायला आला की, मगरिबच्या आधी, ते व्हरांड्यात बसतात. शेजारी दुसरी खुर्ची असते. तिच्यावर कोणी बसायचं नाही. ते तिच्याशी बोलतात. मोठ्याने नाही, आपण घरात कुणाशी बोलतो तसं. "आज वारा उत्तरेचा आहे, अ‍ॅडेला. डोक्याला काही बांध." मग गप्प राहून ऐकतात. मान हलवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ट्रे घेऊन दारातूनच परत फिरले. पण खरं सांगू? भीतीपेक्षा मला हेवा वाटला.

बदरुद्दीनमामूंबरोबर कुवेत शहरात गेले होते, गलबतांच्या धक्क्यावर. इथे नाखव्याला नाखुदा म्हणतात. मामूंना अरबी येतं, त्यांनी दोघातिघांना विचारलं. काही कळलं नाही.

ताहिरा


अबू हलीफा
३ फेब्रुवारी १९५८

आपा,

थंडी इतकी आहे की वाळू पायाला बर्फासारखी लागते. साहेबांना खोकला झाला आहे.

काम अडलं आहे. फीत त्या सकाळपर्यंत येते आणि थांबते. "ती होडीकडे गेली" असं साहेब म्हणतात आणि पुढे नाही. मी बटण तसंच ठेवते. मार्था फीत लावते तेव्हा तेवढ्या जागी नुसत्या लाटा ऐकू येतात. रोज तेच. लाटा, त्यांचा श्वास, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मार्था म्हणाली, "पुस्तकात सगळं लिहिलं आहे त्यांनी, मग सांगता का येत नाही?"

तिला मी काय सांगू? लहानपणी दर वर्षी त्या दिवशी वडील तिला कबरस्तानात न्यायचे. रिकामी कबर, वर दगड, दगडावर आईचं नाव. ती फुलं ठेवायची. ती म्हणते, "मला आईचा चेहरा आठवत नाही, तो दगड आठवतो."

मला आता या घराचं काहीतरी लागलं आहे, आपा. मी कपडे वाळत घालते तेव्हा मागे यूनुस खोकतात. तोच खोकला, तंबाखूनंतरचा. वळते तर कोणी नसतं. आणि परवा, तू रागावू नकोस, अशरफची हाक ऐकली. "खाला" म्हणून. सातवीत असताना आवाज फुटला होता तसा, अर्धा बायकी अर्धा पुरुषी. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि म्हटलं, "ये बाबा, आत ये." साहेबांनी खुर्चीतून विचारलं, "तुझ्याकडे कोण आलं?"

"माझ्या बहिणीचा मुलगा."

"बुडालेला?"

"हो."

"त्याला बसायला दे," ते म्हणाले, आणि ते काही गंमत करत नव्हते.

अशाने माणसाला वेड लागतं म्हणतात. पण त्या घरात तेव्हा मला एकटं वाटलं नाही.

ताहिरा


अबू हलीफा
१७ एप्रिल १९५८

आपा,

जे झालं ते क्रमाने सांगते.

काल दुपार कलल्यावर असरची नमाज उरकून उठते तो फाटकाशी टॅक्सी थांबली. एक गोरी म्हातारी उतरली. साधा राखाडी झगा, हातात काठी, पाठ ताठ. मार्था बाजारात गेली होती. मी दार उघडलं.

"वॉरन टिलफर्ड इथेच राहतात?"

"हो. आपण?"

"त्यांच्या गावची आहे. विमानाने बैरूतवरून आले. त्यांच्या जीवनकथेची बातमी पेपरात वाचली."

मी म्हटलं बसा, चहा आणते, मग त्यांना सांगते. ती म्हणाली, "बिनसाखरेचा." मी आत वळले आणि ती माझ्या मागून न थांबता व्हरांड्यात गेली. मी धावले, पण तोवर ती त्या खुर्चीवर बसली होती.

साहेबांनी मान वळवली. त्यांना सावली दिसली असणार. अगदी सहज म्हणाले, "आज लवकर आलीस."

बाईने काठी बाजूला ठेवली. "वॉरन," ती म्हणाली.

"आवाज थकलाय तुझा. पाण्यात म्हातारपण येतं होय?"

"वॉरन, मी अ‍ॅडेला आहे."

"ते माहीत आहे मला." साहेबांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी मला हाक मारली. "ताहिरा, तुलाही दिसते का ती?"

मी दारातच होते. खोटं बोलावं की खरं, कळेना. म्हटलं, "दिसतात, साहेब. त्यांनी चहा मागितलाय. साखर नको म्हणाल्या."

त्यांनी हात पुढे केला. बोटं तिच्या गालाला लागली. सुरकुतलेल्या, ऊबदार, जिवंत गालाला. विस्तवाला लागावी तशी त्यांनी ती मागे घेतली.

"ही बाई कोण आहे?" ते ओरडले. एवढा मोठा आवाज त्या छातीतून निघेल असं मला वाटलं नव्हतं. "हिला बाहेर काढ. माझी बायको बुडाली आहे!"

ती उठली. काठी शोधायला तिला वेळ लागला. फाटकात तिला मार्था भेटली, दोन्ही हातांत सामान घेऊन येणारी. बाईने तिच्याकडे पाहिलं आणि नुसतं नाव घेतलं. मार्था म्हणाली, "आपण कोण?" आणि आपा, दोघींची हनुवटी एकसारखी आहे. ती मी आधी पाहिली, मग मार्थाने पाहिली. तिच्या हातांतली पिशवी सुटली, टोमॅटो वाळूवर घरंगळले.

ताहिरा


अबू हलीफा
२८ मे १९५८

आपा,

टिलफर्डसाहेब गेले.

पण आधी मधलं सांगते. मार्थाने आईला घरात घेतलं नाही. अ‍ॅडेलाबाई शहरातल्या एका पाहुणेघरात उतरल्या, तरी रोज टॅक्सीने यायच्या आणि कुंपणाबाहेरच्या दगडावर बसायच्या. मी चहा नेऊन द्यायची. एकदा मी विचारलं, "बाई, दोन वर्षांच्या लेकराला टाकून कशा गेलात?"

त्यांनी चिडायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "दुसरं मूल पोटातच गेलं होतं. वॉरनने त्यावर कविता लिहिली आणि मला वाचून दाखवली. सुंदर होती. मी त्या घरात माणूस राहिले नव्हते, ताहिरा. मी खरंच बुडायलाच गेले होते. पाण्यात उतरले आणि धीर झाला नाही. खाडीच्या दुसऱ्या काठाला निघाले, ओली, आणि चालत राहिले. एका गावात पावाच्या दुकानात कामाला लागले. वाटलं, जरा बरं वाटलं की मार्थाला न्यायला जाईन. पण सहा महिन्यांनी पुस्तक आलं. त्यात मी मेले होते. सगळा देश माझ्यासाठी रडत होता. मेलेली बाई लेकीला न्यायला कशी जाणार?"

"साहेबांना ठाऊक नव्हतं?"

"एकदा तो आला होता. कोणीतरी त्याला सांगितलं असणार. मी दुकानात गिऱ्हाइकाशी हसत होते. वर पाहिलं तर काचेपलीकडे तो. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग तो निघून गेला. आणि मीही हाक मारली नाही. मला ते सोयीचं वाटलं, हे तुला सांगायला हवं."

हे सगळं मी मार्थाला सांगितलं. कोणीतरी सांगायलाच हवं होतं. ती तशीच उठून वडिलांपुढे उभी राहिली. "तुम्हाला ती जिवंत असल्याचं माहीत होतं?"

साहेब समुद्राकडे तोंड करून बसले होते. "होतं."

"आणि तुम्ही मला त्या दगडावर फुलं ठेवायला न्यायचात!"

"ती हसत होती," साहेब म्हणाले. "माझ्या घरात ती कधी तशी हसली नव्हती. दार ढकललं असतं तर माझं पुस्तक खोटं ठरलं असतं. आणि ती 'नाही येत' म्हणाली असती तर मी कोणासाठी रडणार होतो? बुडालेली निदान माझी होती."

मार्था व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली. मग कुंपणाबाहेर गेली आणि आईच्या शेजारी दगडावर बसली. अंगाला अंग लागू न देता, पण बसली.

त्या दिवसापासून साहेब त्या खुर्चीशी बोललेच नाहीत. तिच्याकडे तोंड करून बसायचे, मान पुढे करून कान द्यायचे. मला म्हणायचे, "ताहिरा, ती येत नाही. ऐकू येत नाही." जिवंत बाई वीस हातांवर बसलेली आणि हे मेलेलीची वाट बघत. मी एकदा म्हटलंही, "बोलावू का त्यांना?" त्यांनी 'नको' म्हणून मान हलवली. चेहऱ्यावर लहान मुलासारखी भीती होती.

मग एका दुपारी झोपले ते उठले नाहीत. इथल्या ख्रिस्ती कबरस्तानात त्यांना ठेवलं. अमेरिकेची वर्तमानपत्रं आली. सगळ्यांनी लिहिलं की कवी शेवटी समुद्रात आपल्या अ‍ॅडेलाला भेटला. अ‍ॅडेलाबाईंनी चष्मा लावून ते सबंध वाचलं. मार्थाने मात्र प्रकाशकाला तार केली, माझी आई जिवंत आहे, कथेचा शेवट मी लिहीन. आता दोघी मिळून अमेरिकेला जातायत. भांडतातही. परवा चहात साखर घालायची की नाही यावरून भांडल्या.

आपा, आता माझं. नोव्हेंबरात मी तुला लिहिलं, धक्क्यावर काही कळलं नाही. तसं नव्हतं. एका नाखुदाने मामूंना सांगितलं होतं की फैलका बेटावर मासेमारीला एक हिंदी माणूस आहे, उजव्या हाताची दोन बोटं नसलेला. यूनुसची दोन बोटं दोरखंडात गेली ते तुला माहीत आहे. मामू लगेच म्हणाले, जाऊ या. मीच नको म्हटलं. माझ्यामागे खोकणारा यूनुस माझा होता. फैलक्यावरचा कोणाचा असेल, मला माहीत नव्हतं.

पण आता जाणार आहे. त्या काचेबाहेरून परत फिरणारा माणूस मी जवळून पाहिला.

ताहिरा


फहाहील
२२ जून १९५८

आपा,

हे पत्र महबूबभाईंना आधी वाचू दे. मग त्यांनी तुझ्याजवळ बसून तुला ऐकवावं.

मामू आणि मी मचव्यातून फैलक्याला गेलो. जुन्या वस्तीत विचारलं तर एका पोराने थेट दारापर्यंत नेलं. मातीचं घर, बाहेर जाळी वाळत घातलेली. मी दार वाजवलं. एक बाई आली, कडेवर मूल. तिच्यामागून तो आला. आता त्याला 'ते' म्हणवत नाही माझ्याने.

त्याने मला ओळखलं आणि जागच्या जागी खाली बसला. मी म्हटलं, "उठ. मी रडायला आलेली नाही. अशरफ कुठे आहे?"

त्याने सगळं सांगितलं. उत्तरेचा वारा सुटला तेव्हा कौलं एका अंगाला सरली आणि गलबत कलंडलं. बाकीचे दिसलेच नाहीत. अशरफ आणि तो एका डोलकाठीला धरून राहिले. यूनुसने आपलं लुंगीचं कापड फाडून पोराला काठीला बांधलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बेट दिसायला लागलं. "खालू, ते बघा जमीन," असं अशरफच आधी म्हणाला. काठाला लागेपर्यंत त्याच्यात काही उरलं नव्हतं. पण तो पाण्यात गेला नाही, आपा. तो वाळूवर गेला, यूनुसच्या मांडीवर डोकं ठेवून. बेटावरच्या लोकांनी त्याला न्हाऊ घालून गुसल दिलं, कफन दिलं, नमाज पढली.

मी विचारलं, "मग घरी का कळवलं नाहीस?"

"रुकय्याआपांना काय कळवू? तुमचा पोरगा माझ्या हातात मेला आणि मी जगलो? रोज म्हणायचो, उद्या कळवीन. मग सगळ्यांनी मला मेलेला धरलं असं ऐकलं. मेलेल्याला कोणी काही विचारत नाही."

त्याने मला कबर दाखवली. वस्तीच्या मागे उंचवट्यावर आहे. डोक्याशी दगड, भोवती शिंपल्यांची ओळ. दर जुम्म्याला तो तिथे पाणी शिंपडतो. मी फातिहा पढले. तुझ्या वतीने माती हातात घेतली, पण बांधून आणली नाही. ती तुझी तू घे.

मग मी त्याला म्हटलं, मला मोकळी कर. मामू आणि बेटावरचे इमाम साक्षीला होते. त्याला रडू आवरेना, पण त्याने तलाक दिला. त्याची बायको दारामागे उभी होती. निघताना तिने मला हात धरून थांबवलं आणि खजुराची पिशवी दिली. तिचा यात काय दोष?

मला अहमदीच्या इस्पितळात काम मिळालं आहे. परत मी येईन, पण लगेच नाही.

तू ये, आपा. पावसात दाभोळची आगबोट बंद असेल, तर एस.टी.ने मुंबई गाठ, महबूबभाई बरोबर असतीलच. तिथून बोट बसऱ्याला जाते, वाटेत कुवेतला थांबते. तिकिटाचं मामू बघतायत. इथल्या उन्हाला घाबरू नकोस.

यूनुसला मी बजावलं आहे, आपा येईपर्यंत बेट सोडायचं नाही. तुझं नाव ऐकून तो पुन्हा खाली बसला. म्हणाला, "त्यांच्यापुढे मी काय बोलू?"

मी म्हटलं, "काही बोलू नकोस. उभा राहा. बोलायचं ते ती बोलेल."

तुझी,
ताहिरा